मुलांचा सांगाती : संत जॉन बॉस्को

नाताळ हा मूलतः एका बालकाच्या जन्माचा उत्सव आहे. ज्या सत्पुरुषाने आपले अवघे आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांसाठी वेचले, त्याचे चरित्र या पर्वकाळी भाविक वाचकांपुढे ठेवणे औचित्याचेच होईल. मुंबईत माटुंग्याला डॉन बॉस्को या नावाची शाळा आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या नावामागचा माणूस मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो. ‘डॉन’ हे काही त्यांचे नाव नव्हे. इटलीत धर्मगुरूंच्या नावाआधी लावावयाची ती आदराची उपाधी आहे. आपल्याकडे बुवा किंवा महाराज म्हणावे तशी. चित्रपटांनी अलीकडे त्या शब्दाला जो अर्थ चिकटविला आहे, त्याच्याशी या साधुपुरुषाचा काडीमात्र संबंध नाही.

इटलीच्या वायव्येस पिएमाँत नावाचा प्रांत आहे. त्या प्रांतातील कास्तेलनुओव्हो गावाजवळ बेक्की नावाची एक लहानशी वाडी. तेथे एका गरीब शेतकऱ्याच्या घरी १६ ऑगस्ट १८१५ रोजी जॉनचा जन्म झाला. मूल दोन वर्षांचेही झाले नव्हते तोच, १८१७ च्या मे महिन्यात, पिता फ्रान्सिस्को न्यूमोनियाने वारला. देशात दुष्काळ, घरात वृद्ध सासू, सावत्र मुलगा आंतोनियो आणि पोटचे दोन लहानगे. मार्गारिताबाईंना पुनर्विवाहासाठी स्थळ सांगून आले होते, परंतु मुलांना दुसऱ्याच्या स्वाधीन करावे लागणार हे कळताच त्या माउलीने ते नाकारले. तिला अक्षरओळख नव्हती. चरित्रनायकाची पहिली गुरू मात्र तीच.

नवव्या वर्षाच्या सुमारास जॉनला एक स्वप्न पडले. अंगणात पोरांचा घोळका जमला आहे, काही शिवीगाळ करीत आहेत, आणि जॉन ठोसे लगावीत त्यांच्यात घुसला आहे. तोच एका तेजस्वी पुरुषाने त्याला आवरले आणि ही मुले माराने नव्हे, मायेने जिंकावयाची आहेत असे समजाविले. पुढे त्या मुलांच्या जागी हिंस्र श्वापदे दिसू लागली आणि पाहता पाहता त्यांची कोकरे झाली. स्वप्नाला किती महत्त्व द्यावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. परंतु हा मुलगा अंगापिंडाने बळकट, रागीट आणि मारामारीत पटाईत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आदेशाचे पालन त्याला किती जड गेले असेल, ते उमगते.

मुलांना जवळ कसे आणावे, याचा मार्ग त्याला गावच्या जत्रेत सापडला. तेथे डोंबारी येत. हा पोरगा त्यांच्या हातांकडे आणि पावलांकडे डोळे लावून बसे व घरी येऊन, पडत-झडत, तेच खेळ स्वतः करी. लवकरच दोन झाडांच्या मध्ये दोर बांधून तो त्यावरून चालू लागला, हातावर उलटा चालू लागला, हातचलाखीचे प्रयोगही करू लागला. रविवारी बेक्कीच्या कुरणात लहानथोरांची गर्दी जमे. खेळ ऐन रंगात येण्यापूर्वी मात्र जॉन सर्वांना थांबवी. आधी जपमाळेची प्रार्थना, मग एखादे भक्तिगीत, मग सकाळी चर्चमध्ये ऐकलेले प्रवचन जसेच्या तसे म्हणून दाखवावयाचे, आणि त्यानंतर दोरीवरची कसरत! प्रार्थनेला जो न थांबेल, त्याला खेळ पाहता येणार नाही, असा त्याचा रोकडा नियम होता. आम्हां कीर्तनकारांना या क्रमाचे विशेष कौतुक वाटते. श्रोत्यांनी पूर्वरंगातच उठून जाऊ नये म्हणून आख्यान राखून ठेवण्याची युक्ती आम्ही गुरूंच्या पायांशी बसून शिकतो. या पोराला ती कोणी शिकविली नव्हती.

घरात मात्र वाद पेटला होता. शेतकऱ्याच्या पोराला पुस्तके कशाला, असे आंतोनियोचे म्हणणे होते. तो दुष्ट होता असे नाही. बापामागे नांगराचा भार त्याच्याच खांद्यावर आला होता. अखेर कलह टाळण्यासाठी आईने काळजावर दगड ठेवून बारा-तेरा वर्षांच्या जॉनला घराबाहेर पाठविले, आणि दीड वर्षाहून अधिक काळ तो मोलिया नावाच्या कुटुंबाकडे शेतगडी म्हणून राबला. परतल्यावर कालोस्सो नामक वृद्ध धर्मगुरू त्याला वाटेत भेटले. नुकतेच झालेले प्रवचन म्हणून दाखव, असे त्यांनी सहज सांगितले, तर मुलाने ते धडाधडा म्हटले! म्हातारबोवांनी त्याला लॅटिन शिकविण्यास आरंभ केला. १८३० मध्ये तेही गेले. जॉनवरचे पित्याचे छत्र दुसऱ्यांदा हरपले.

पुढे किएरी या गावी शिंप्याच्या दुकानात, कॉफीगृहात, मिळेल तेथे काम करून त्याने शिक्षण केले. तेथेच सवंगड्यांची आनंदमंडळी स्थापन केली. उदास राहावयाचे नाही, हाच तिचा मुख्य नियम. एक धंदेवाईक डोंबारी ऐन प्रार्थनेच्या वेळी खेळ मांडून पोरांना ओढून नेऊ लागला, तेव्हा जॉनने त्याच्याशी धावण्याची, उडीची आणि झाडावर चढण्याची पैज लावली व प्रत्येक पैज जिंकली. बिचारा पुरता नागविला गेला. तेव्हा मंडळींना एक जेवण घालण्याच्या अटीवर जिंकलेले पैसे त्याला परत करण्यात आले.

१८३५ मध्ये जॉनने धर्मगुरूंच्या विद्यालयात प्रवेश केला, काळा झगा अंगावर चढविला आणि कसरती, जादू, जत्रा सर्व वर्ज्य करण्याचा निश्चय केला. त्यानंतरची १८३६ ची उन्हाळी सुटी चरित्रदृष्ट्या मोठी महत्त्वाची आहे. तुरिन शहरात पटकीचे भय पसरले होते. म्हणून तेथील जेझुइट पंथीयांनी आपल्या निवासी विद्यार्थ्यांना मोन्ताल्दो या डोंगराळ गावी हलविले आणि मदतीला माणसे हवी म्हणून एकवीस वर्षांच्या जॉनला बोलाविले. ग्रीक भाषा शिकवावयाची आणि रात्री मुलांच्या शयनगृहावर देखरेख करावयाची, असे काम होते. ही मुले सुखवस्तू घरांतील होती. जॉनने सेवा चोख केली, परंतु या मुलांच्या अंतःकरणात शिरणे आपल्याला साधत नाही, आपली मुले निराळी, हे त्याला त्या सुटीत कळून आले. अंगी ग्रीक-लॅटिनची विद्या असलेल्या तरुणाला श्रीमंतांच्या शाळेत मानाची जागा सहज मिळाली असती. त्या वाटेने जावयाचे नाही, हे त्या उन्हाळ्यातच बव्हंशी ठरले.

आणखी एका सुटीतला प्रसंग. एका उत्सवात आग्रहाखातर त्याने व्हायोलिन वाजविले. बाहेर गलका ऐकू आला म्हणून खिडकीतून पाहतो, तो त्या सुरांवर लोक नाचत होते! धर्मसेवकाच्या वाद्यावर हे चालावे, याचा त्याला इतका विषाद वाटला की घरी येऊन त्याने ते व्हायोलिन मोडून टाकले. आम्हांस हे थोडे अति वाटते. वाद्याचा त्यात काय अपराध? गंमत अशी की, पुढे त्यांच्याच आश्रमात मुलांचे बँडपथक उभे राहिले, आणि वर्ज्य केलेली जादूही मुलांखातर परत आली.

५ जून १८४१ रोजी जॉन बॉस्को धर्मगुरू झाले. तुरिनमध्ये तेव्हा खेड्यापाड्यांतून कामासाठी आलेल्या पोरांचे लोंढे होते. गवंड्यांच्या हाताखाली, विटांच्या ओझ्याखाली, दहा-बारा वर्षांची मुले. गुरुवर्य काफास्सो यांनी डॉन बॉस्कोंना तुरुंग दाखविले. तेथे त्यांच्या काळजाला घरे पाडणारी गोष्ट अशी की, तीच ती मुले सुटून पुन्हा पुन्हा परत येत. बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला, मारियामातेच्या सणाच्या दिवशी, ते चर्चमागच्या खोलीत मिस्सेची वस्त्रे घालीत असताना बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा एक पोर थंडीने आत शिरला. मिस्सेत साहाय्य करता येत नाही म्हणून सेवेकऱ्याने त्याला काठीने बडवून हाकलले. डॉन बॉस्कोंनी तो आपला मित्र असल्याचे सांगून त्याला परत बोलावून घेतले. मुलगा सोळा वर्षांचा, अनाथ, निरक्षर, गवंडीकाम करणारा. मिस्सेनंतर त्यांनी त्याला जवळ बसवून धर्माचा पहिला पाठ दिला. पुढच्या रविवारी तो आणखी मुलांना घेऊन आला.

त्या मेळ्याला जागा मात्र कोठेच मिळेना. रुग्णालयाजवळच्या खोल्या, स्मशानालगतचे चर्च, गिरण्यांचे आवार, भाड्याच्या खोल्या, अखेर उघडे कुरण. मुलांच्या गोंगाटाने शेजारी त्रासत आणि डॉन बॉस्को आपला संसार उचलून पुढे निघत. त्यांना वेड लागले आहे, असेही लोकांना वाटू लागले. दोन धर्मगुरू त्यांना फिरावयास नेण्याच्या मिषाने गाडी घेऊन आले. गाडी जाणार होती वेड्यांच्या इस्पितळात. डॉन बॉस्कोंनी आदराने त्या दोघांना आधी आत बसविले आणि बाहेरून दार लावून गाडी हाकावयास सांगितले! १८४६ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, कुरणातूनही निघण्याची पाळी आली. त्या संध्याकाळी ते मुलांपासून दूर एकटे उभे राहून रडले. त्याच दिवशी वाल्दोक्को भागातील पिनार्दी नामक गृहस्थांच्या पडवीची खबर आली, आणि १२ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, त्या ठेंगण्या पडवीत पूजा झाली.

जुलैत ते फुफ्फुसाच्या विकाराने मरणोन्मुख झाले. हातावर पोट असलेल्या त्या पोरांनी उपास धरले, नवस बोलले, रात्रंदिवस प्रार्थना केली. ते वाचले. विश्रांतीसाठी गावी गेले आणि नोव्हेंबरात परतले तेव्हा सोबत आई होती. अठ्ठावन्न वर्षांच्या मार्गारिताबाई आपले घर सोडून, लेकामागून पायी तुरिनला आल्या. पहिल्याप्रथम ज्या पोरांना रात्रीचा आसरा दिला, ती सकाळी पांघरुणे घेऊन पसार झाली. दार बंद झाले नाही. १८४७ मध्ये पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा आला, तो राहिला, आणि मग घर भरतच गेले. एकदा पोरांनी खेळाच्या भरात मार्गारिताबाईंचा भाजीचा मळा तुडविला. त्या कंटाळून गावी परत निघाल्या, तेव्हा मुलाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट दाखविले. त्या पुन्हा कामाला लागल्या. १८५६ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला.

मुलांना पोटभर अन्न दिले की भागले, असे डॉन बॉस्कोंनी कधी मानले नाही. १८५१-५२ पासून ते उमेदवार मुलांसाठी मालकांशी लेखी करार करू लागले: धंदा नीट शिकवावा, सणावारी सुटी द्यावी, चूक झाल्यास शब्दाने समजावावे, हात उगारू नये. १८५३ पासून घरातच चांभारकाम व शिवणकाम, पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई असे कारखाने निघाले. १८५४ च्या उन्हाळ्यात तुरिनमध्ये पटकी आली, तेव्हा त्यांची थोरली मुले घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करीत होती. एकही दगावला नाही.

आणि त्यांच्या यात्रा! दर शरदात ते मुलांना घेऊन बेक्कीला जात. १८५९ ते १८६४ या काळात तर हा मेळा मोनफेर्रातोच्या टेकड्यांतून गावोगाव फिरू लागला. पुढे बँड, मागे नाटकाच्या सामानाने लादलेली गाढवे, मध्ये शंभराच्या आसपास मुले. गावकरी जेवण व निवारा देत. मुले चर्चमध्ये गात, रात्री चौकात नाटक करीत. १८५५ मध्ये बालगुन्हेगारांच्या तुरुंगातील शेकडो मुलांना पहारेकऱ्यांवाचून दिवसभराच्या सहलीस नेऊन त्यांनी सर्वांना परत आणले, अशी कथा त्यांच्या परिवारात सांगतात. तपशिलाबद्दल अभ्यासकांत शंका आहे. परंतु ज्यांच्याविषयी लोकांना ही कथा खरी वाटावी, असे गृहस्थ विरळाच.

१८५९ मध्ये त्यांच्या हाताखाली वाढलेल्याच तरुणांना घेऊन सलेशियन संघ जन्मला, १८७५ मध्ये त्याचे सेवक आर्जेंटिनास गेले. व्याप वाढला, कर्जही वाढले. १८८४ मध्ये, वृद्धापकाळी, त्यांनी रोमहून आपल्या शिष्यांना एक लांब पत्र धाडले. त्यातील खंत एकच होती: शिक्षक आता मुलांत मिसळून खेळत नाहीत, दूर उभे राहून नुसती देखरेख करतात. मोन्ताल्दोच्या शयनगृहात देखरेख करणारा तो तरुण ज्यास कंटाळला होता, तेच त्यांच्या स्वतःच्या घरात शिरू पाहत होते.

३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे तुरिन येथे त्यांचे देहावसान झाले. १९३४ च्या ईस्टरला त्यांना संतपद देण्यात आले. त्यापूर्वीच, १९०६ मध्ये, त्यांचे अनुयायी दक्षिणेत तंजावरला पोहोचले होते. पुढे ते मुंबईतही आले. ३१ जानेवारी हा त्यांचा स्मृतिदिन सणासारखा साजरा होतो.