सोडवायला आपलाच माणूस यावा लागतो



'तारण' हा शब्द आपल्या पेण-रोह्याकडे दोन ठिकाणी ऐकू येतो. एक चर्चमध्ये वेदीवरून आणि दुसरा पतसंस्थेच्या काउंटरवर. वेदीवरून धर्मगुरू सांगतात की ख्रिस्ताने आपले तारण केले. काउंटरवरचा कारकून विचारतो की कर्जासाठी तारण काय ठेवणार. दोन्ही अर्थ एकाच शब्दात कसे, असा प्रश्न पडतो. पण जिने पोराच्या शिक्षणासाठी मंगळसूत्र गहाण ठेवले आणि दोन वर्षांनी सोडवून आणले, त्या आईला हा शब्द पंडितांपेक्षा लवकर कळेल. जे आपले होते, ते दुसऱ्याच्या ताब्यात गेले. किंमत मोजून ते परत घरी आणले. ख्रिस्ती श्रद्धेत 'तारण' म्हणतात ते हेच आहे. फरक इतकाच की तिथे दागिना नसतो, माणूस असतो.

माणूस गहाण पडतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दिवाळीनंतर आपल्याच भागातली कातकरी कुटुंबे मालकाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. उचल फिटेपर्यंत नवरा, बायको, पोरे सगळी तिथेच. १९७६ साली वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला, तरी उचलीचे ओझे अजून उतरलेले नाही. बायबलच्या जुन्या करारात अशा माणसासाठी एक नियम आहे. दारिद्र्यामुळे कोणी स्वतःला विकले, तर त्याच्या जवळच्या आप्ताने येऊन त्याला सोडवावे. अशा सोडवणाऱ्या आप्ताला हिब्रू भाषेत 'गोएल' म्हणतात. रूथच्या पुस्तकातला बवाज हा असाच गोएल होता. म्हणजे तारणाची पहिली अट पैसा नाही, नाते आहे. सोडवायला आपलाच माणूस यावा लागतो.

आज मी तुम्हांला अशा एका माणसाची गोष्ट सांगणार आहे, जो सातासमुद्रापलीकडून आला आणि तारणाची कथा सांगण्यासाठी आपलाच माणूस झाला. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

तुरुंगातला मित्र

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या गावी झाला. वडील व्यापारी होते. तो काळ इंग्लंडमधील कॅथलिकांसाठी कठीण होता. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक धर्मगुरूला आसरा देणे हादेखील गुन्हा ठरू लागला होता. तरुण स्टीफन्सचा थॉमस पाउंड नावाचा एक श्रीमंत मित्र होता. दोघांनी मिळून रोमला जायचे आणि येशूसंघात प्रवेश घ्यायचा, असा बेत केला होता. काही काळ स्टीफन्स पाउंडचा नोकर म्हणून वेषांतर करून वावरले. परंतु निघण्याआधीच पाउंड पकडले गेले. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले.

मित्र तुरुंगात आणि आपण मोकळे, हे शल्य त्यांना स्वस्थ बसू देईना. तुरुंगाचे दार उघडणे त्यांच्या हातात नव्हते. मग त्यांनी जे हातात होते ते केले. येशूसंघाच्या प्रमुखांकडे त्यांनी मित्रासाठी रदबदली केली आणि १५७८ साली तुरुंगात असतानाच पाउंड यांना संघात प्रवेश मिळाला. पाउंड यांनी सुमारे तीस वर्षे वेगवेगळ्या तुरुंगांत काढली. पण आता ते एकटे नव्हते. बाहेर त्यांचे एक कुटुंब होते.

तारणाबद्दल एक मोठी गोष्ट इथे शिकण्यासारखी आहे. आपल्याला वाटते, तारण म्हणजे संकटातून सुटका. ती व्हावी अशी प्रार्थना आपण करतोच. पण संकट कायम असतानाही माणूस देवाच्या घरचा होऊ शकतो. स्नानसंस्काराने आपले आजार, आपले कर्ज, आपले भांडखोर शेजारी नाहीसे झाले नाहीत. आपण कोणाचे आहोत, ते मात्र बदलले.

१५८३ साल

४ एप्रिल १५७९ रोजी स्टीफन्स लिस्बनहून जहाजात चढले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोहोचले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेले ते पहिले इंग्रज मानले जातात. त्यांचे बहुतेक आयुष्य गोव्यातील साष्टी भागात गेले.

१५८३ साल त्यांच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी १५ जुलै रोजी साष्टीतील कुंकळ्ळी गावी फादर रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांच्याबरोबर काही ख्रिस्ती ग्रामस्थांनाही प्राण गमवावे लागले. या सोबत्यांचे मृतदेह मिळवून त्यांना सन्मानाने मूठमाती देण्याच्या कामात स्टीफन्स पुढे होते. ख्रिस्तसभेने १८९३ साली या पाच जणांना धन्यवादित म्हणून घोषित केले.

परंतु सत्य अर्धे सांगू नये. त्याआधी पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली देवळे पाडली होती, कुंकळ्ळीही त्यातून सुटली नव्हती. या हत्येनंतर सत्तेने गावच्या पुढाऱ्यांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. तारणाचा संदेश तलवारीच्या सावलीत सांगितला गेला की त्यावर रक्ताचे डाग पडतात. बंदुकीच्या धाकाने कोणी कोणाचा आप्त होत नाही. ख्रिस्ताने एकालाही जबरदस्तीने सोडवले नाही. श्रीमंत तरुण पाठ फिरवून गेला, तेव्हा त्याने त्याला जाऊ दिले. ही गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी नम्रपणे मान्य केली पाहिजे.

त्याच वर्षाच्या अखेरीस गोव्याच्या तुरुंगात चार इंग्रज आणून टाकले गेले. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती. होर्मुझ बंदरात हेर असल्याच्या संशयावरून त्यांना पकडले होते. त्यांच्याजवळ राणी एलिझाबेथची बादशहा अकबराच्या नावे दिलेली पत्रे होती. आता विचार करा. ज्या राणीच्या राज्यात स्टीफन्स यांचा जिवलग मित्र तुरुंगात खितपत होता, त्याच राणीची ही माणसे. त्यांच्याकडे पाठ फिरवली असती तर स्टीफन्स यांना कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी आणि त्यांच्या ओळखीच्या आणखी एका धर्मबंधूने त्यांच्यासाठी जामीनदार मिळवून दिला. दोन हजार डुकाटांचा जामीन ठरला आणि नाताळच्या तोंडावर ते चौघे बाहेर आले.

पुढे काय झाले, तेही ऐका. गोवा न सोडण्याच्या अटीवर हा जामीन होता. फिच सांगतो की जामीनदाराला पैसे दिले तरी तो आणखी मागत राहिला. शेवटी १५८४ साली त्यांच्यातले तिघे गोव्यातून गुपचूप पळून गेले. ज्यांनी शब्द टाकून सोडवले, त्यांचे काय होईल, याचा विचार पळणाऱ्यांनी किती केला असेल?

जामीन राहणाऱ्याच्या नशिबी हे असतेच. आपल्यापैकी ज्यांनी भावाच्या किंवा मित्राच्या कर्जाला सही दिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. ख्रिस्तानेही आपल्यासाठी सही दिली, आणि आपण पळून जाऊ हे ठाऊक असताना दिली. शिष्य गेथशेमनीच्या बागेतून पळाले. आपण दर आठवड्याला पळतो. तरी त्याने सही मागे घेतली नाही.

किंमत कोणाला दिली?

इथे एक जुना प्रश्न उभा राहतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना त्यावर आमच्या तासन् तास चर्चा झाल्या. ख्रिस्ताने आपल्या प्राणांची किंमत मोजली असे आपण म्हणतो. पण ती घेतली कोणी? सुरुवातीच्या काही धर्मपंडितांनी म्हटले, सैतानाने. चौथ्या शतकात नाझियान्झसचे संत ग्रेगरी यांनी हे मानले नाही. लुटारूला खंडणीचा हक्क कसा असेल? आणि देवपित्याने घेतली म्हणावे, तर पुत्राच्या रक्ताने ज्याचे समाधान होते असा तो सावकार आहे काय? पुढे अकराव्या शतकात संत आन्सेल्म यांनी सांगितले की पापाने बिघडलेली न्यायाची घडी कोणीतरी बसवणे आवश्यक होते. माणसाने ती बसवायला हवी होती, पण ते सामर्थ्य केवळ देवात होते. म्हणून देव माणूस झाला.

मला याचे उत्तर आपल्या खारेपाटात सापडते. उधाणाच्या रात्री खाडीच्या बांधाला खांड पडते. एका ठिकाणी बांध फुटतो, पण खारे पाणी सगळ्या गावाच्या भातशेतात शिरते. ज्याचा काही दोष नाही, त्याचेही शेत नापीक होते. आदिपाप समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. तेव्हा माणसे कंबरभर चिखलात उतरतात, रात्रभर लाटांचा मार खातात आणि खांड बुजवतात. एखाद्याचा त्यात जीवही जाऊ शकतो. त्यांनी किंमत मोजली की नाही? मोजली. ती कोणाला मिळाली? समुद्राला नाही, गावच्या पाटलालाही नाही. ती कोणाच्या खिशात गेली नाही. ती गावासाठी मोजली गेली. ख्रिस्त आपल्या खांडीत असाच उभा राहिला. पित्याने ती किंमत मागून घेतली नाही. पुत्राबरोबर त्यानेही ती सोसली.

खांड बुजली म्हणून शेत लगेच पिकत नाही. जमिनीतला खार धुऊन निघायला पुढचे पावसाळे जावे लागतात. आपले तारण क्रूसावर झाले आहे. पण आपल्यातला खार धुतला जाण्यासाठी पापनिवेदन, मिस्सा, उपवास आणि क्षमा यांचा पाऊस वर्षानुवर्षे पडावा लागतो.

तारणाचे पुराण

साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती. त्यांच्या जागी आम्हांला काही तरी द्या, अशी त्यांची मागणी होती. फादर स्टीफन्स यांना ती रास्त वाटली. ते मराठी आणि कोकणी शिकले. १५८३ सालीच भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले होते. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी त्यांनी आपलीशी केली आणि 'ख्रिस्तपुराण' लिहिले. ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या भागात जगाची उत्पत्ती, माणसाचे पतन आणि तारणाऱ्याची वाट पाहणे, तर दुसऱ्या भागात येशूचे चरित्र आहे. म्हणजे संपूर्ण ग्रंथ तारणाचा आहे. स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा इथल्या माणसाच्या ओठांवरचा शब्द वापरायला संकोच केला नाही. १६०८ साली त्यांनी इथल्या लिपीचे टाइप तयार व्हावेत म्हणून रोमला विनंती केली होती. ते झाले नाही आणि पुराण रोमन लिपीत छापावे लागले.

१६१९ साली, चाळीस वर्षे इथे राहून, फादर स्टीफन्स गोव्यातच देवाघरी गेले. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. ख्रिस्तपुराणाच्या त्या काळच्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. तरी लोकांनी हाताने नकला करून आणि गाऊन ते जपले. १७८४ साली टिपू सुलतानाने मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले, तेव्हा या ओव्यांनी त्यांची श्रद्धा टिकवली, असे तिकडे सांगतात. पुढे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले.

मित्राला तुरुंगातून सोडवू न शकलेल्या माणसाची ओवी दोनशे वर्षांनी बंदिवानांच्या ओठांवर होती. देवाचा हिशेब असा असतो.

बंधुभगिनींनो, या आठवड्यात एक करू या. आपल्या घरात, वाडीत, नात्यात कोण गहाण पडले आहे ते पाहू या. कोणी दारूकडे गहाण आहे, कोणी उचलीकडे, कोणी भावाशी धरलेल्या अबोल्याकडे. त्याला उपदेशाची चिठ्ठी पाठवू नका. स्वतः जा. त्याच्या भाषेत बोला. पळून जाईल हे माहीत असूनही जामीन राहा. कारण आपल्यासाठीही एक जण असाच आला होता आणि तो अजून आपल्या दारात उभा आहे.

देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.

आपला धर्मगुरू