इटालियन जेवण, आर्तुझी आजोबा आणि मारिएत्ता

पातेल्यात टाकलेला पदार्थ डोळ्यांदेखत नाहीसा झाला, असं कधी तुमच्या बाबतीत घडलंय? माझ्या बाबतीत घडलं. भाचीच्या वाढदिवसाला घरीच इटालियन जेवण करायचं ठरलं होतं. माणसं आठ. हॉटेलात जाण्यापेक्षा घरी निवांत गप्पा होतील, हा माझाच हट्ट. दोन दिवस आधी तालीम म्हणून ग्नोकी करायला घेतले. ग्नोकी म्हणजे उकडलेल्या बटाट्यात मैदा मळून केलेल्या छोट्या गोळ्या. त्या उकळत्या पाण्यात शिजवायच्या. मी टाकल्या, झाऱ्याने जरा हलवल्या आणि बघते तर काय, पातेल्यात नुसती पांढरी पेज!

भाचीने एक जाडजूड पुस्तक आणून दिलं होतं, एका जुन्या इटालियन पाकपुस्तकाचं इंग्रजी भाषांतर. रात्री वैतागून तेच उघडलं. ग्नोकीच्या कृतीत लेखकाने एका बाईंची फजिती सांगितली आहे. त्यांचेही ग्नोकी असेच पातेल्यातून गायब झाले होते, कारण पीठ कमी पडलं होतं. आणि मग माप दिलंय, ४०० ग्रॅम बटाट्यांना १५० ग्रॅम पीठ. मी अंदाजपंचे चार चमचे मैदा घातला होता! सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा माणूस माझ्या ओट्याशी उभा राहून बघतोय की काय, असं वाटलं. मग कृती बाजूला राहिल्या आणि मी त्या माणसाच्याच मागे लागले.

त्यांचं नाव पेल्लेग्रिनो आर्तुझी. जन्म ४ ऑगस्ट १८२०, इटलीतल्या रोमान्या भागातल्या फोर्लिंपोपोली या छोट्या गावी. तेव्हा इटली नावाचा देशच नव्हता, छोटी छोटी राज्यं होती, आणि हे गाव पोपच्या राज्यात होतं. वडिलांचं दुकान होतं, खाऊनपिऊन सुखी असं घर. पेल्लेग्रिनोही व्यापारातच पडले. सगळं असंच चालू राहिलं असतं, तर ते गावातले एक सुखवस्तू व्यापारी म्हणून जगले असते आणि आज त्यांचं नावही कुणाला माहीत नसतं.

पण २५ जानेवारी १८५१ची रात्र आली. गावातली बडी मंडळी नाटकाला गेली होती. ‘पस्सातोरे’ या नावाने कुप्रसिद्ध असलेला दरोडेखोर स्तेफानो पेल्लोनी आपल्या टोळीसह गावात शिरला आणि त्याने नाट्यगृहच ताब्यात घेतलं. रंगमंचावर नटांच्या जागी बंदुका घेतलेले दरोडेखोर उभे! प्रेक्षकांना ओलीस धरून टोळीने श्रीमंतांची घरं लुटली. त्यात आर्तुझींचं घरही होतं. पैसा गेला तो गेलाच, पण पेल्लेग्रिनोंच्या बहिणीने, जेर्त्रुदेने, त्या रात्रीचा असा धक्का घेतला की तिच्या मनाचा तोल कायमचा गेला. तिचा शेवट मनोरुग्णालयात झाला.

त्या घरात पुन्हा सुखाने राहणं कुणालाच शक्य नव्हतं. आर्तुझी कुटुंबाने गाव सोडलं आणि फ्लोरेन्स गाठलं. तिथे पेल्लेग्रिनोंनी रेशमाच्या व्यापारात जम बसवला, उरलेल्या बहिणींची लग्नं करून दिली. स्वतः मात्र शेवटपर्यंत अविवाहित राहिले. पुरेसा पैसा गाठीशी जमल्यावर त्यांनी धंद्यातून अंग काढून घेतलं आणि लिहिण्यावाचण्यात लक्ष घातलं. उगो फोस्कोलो या कवीचं चरित्र लिहिलं, जुझेप्पे जुस्ती या कवीच्या पत्रांवर पुस्तक केलं. दोन्ही पुस्तकांना कुणी विचारलं नाही.

फ्लोरेन्समध्ये पियात्सा द’आझेल्यो या चौकातल्या घरात आर्तुझी, त्यांच्या मांजरी आणि घर सांभाळणारी दोन माणसं राहत. त्यांच्या गावाकडून आलेला आचारी फ्रान्चेस्को रुफिल्ली आणि टस्कनीतल्याच एका गावची मारिएत्ता साबातिनी. आर्तुझींना खाण्याची भारी आवड आणि तितकीच चिकित्सा. कुठे काही चांगलं खाल्लं की कृती विचारायची, घरी आणायची आणि या दोघांकडून करून घ्यायची. मापं बदलायची, पुन्हा करायची. जमेपर्यंत सुटका नाही. कल्पना करा, त्या स्वयंपाकघरात दोघांची काय तारांबळ उडत असेल!

या खटाटोपातून पुस्तक तयार झालं. प्रकाशकांनी ते नाकारलं. मग १८९१ साली, सत्तरी उलटून गेल्यावर, आर्तुझींनी स्वतःचे पैसे घालून त्याच्या हजार प्रती छापल्या. नाव ठेवलं ‘स्वयंपाकघरातलं शास्त्र आणि चांगलं खाण्याची कला’. त्यात ४७५ पाककृती होत्या. आपल्या जन्मगावच्या एका धर्मादाय जत्रेला त्यांनी दोन प्रती बक्षीस म्हणून पाठवल्या. ज्यांना त्या लागल्या, त्यांनी पुस्तकाची टिंगल केली आणि ते सरळ तंबाखूच्या दुकानात विकून टाकलं! हा अपमान आर्तुझींनी लपवला नाही. पुढच्या आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत तो सांगून टाकला आणि आपल्या पुस्तकाची गोष्ट सिंड्रेलासारखी आहे, असं म्हटलं.

आणि खरंच तसं झालं. पुस्तक हळूहळू घराघरांत पोचलं. याचं एक कारण भाषा. इटली १८६१ साली एक देश झाला खरा, पण दर मुलखाची बोली वेगळी आणि पाककृतींची भाषा फ्रेंच शब्दांनी भरलेली. आर्तुझींनी साध्या, सगळ्यांना कळेल अशा इटालियनमध्ये लिहिलं. टस्कनीतले जे शब्द बाहेरच्यांना कळणार नाहीत, त्यांचे अर्थ सुरुवातीलाच दिले. शिवाय मध्ये मध्ये गप्पा! टोमॅटो सॉसच्या कृतीत एक पाद्री भेटतो. माणूस भला, पण गावातल्या प्रत्येक घरात नाक खुपसायचा, म्हणून लोक त्याला टोमॅटो म्हणायचे, कारण टोमॅटोही सगळ्यात घुसतो. मिनेस्त्रोनी, म्हणजे भाज्यांचं घट्ट सूप. त्याच्या कृतीत १८५५ सालच्या लिव्होर्नोमधल्या कॉलऱ्याची आठवण आहे. वांग्याबद्दल तर ते सांगतात की चाळीस वर्षांपूर्वी फ्लोरेन्सच्या बाजारात वांगं फारसं दिसायचंच नाही, ज्यूंचं खाणं म्हणून लोक त्याला नाक मुरडायचे. खाण्यापिण्याच्या बाबतीत ज्यूंचंच नाक जास्त तल्लख निघालं, हेही ते मोकळेपणाने कबूल करतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुस्तकाची विक्री आर्तुझी घरूनच, पोस्टाने करत. त्यामुळे वाचकांशी पत्रव्यवहार जमला. देशभरातून पत्रं येऊ लागली, त्यातली कितीतरी बायकांची. कुणी चूक दाखवायचं, कुणी आपल्या घरची कृती कळवायचं. आर्तुझी ती मारिएत्ता आणि फ्रान्चेस्कोकडून करून घ्यायचे आणि पसंत पडली की पुढच्या आवृत्तीत घालायचे. अशा वाढत वाढत ४७५च्या ७९० कृती झाल्या. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ जशी नव्या नवरीच्या हाती दिली जायची, तसं इटलीत हे पुस्तक आईकडून लेकीकडे जाऊ लागलं. लोक पुस्तकाचं लांबलचक नाव विसरले, नुसतं आर्तुझी म्हणू लागले.

या पुस्तकात एका गोड पावाला मारिएत्ताचं नाव दिलेलं आहे, पानेत्तोने मारिएत्ता. ती चांगली स्वयंपाकीण आणि भली बाई आहे, म्हणून तिचं नाव देतो, असं आर्तुझी लिहितात. पगारी माणसाचं नाव छापील पानावर, तेही तेव्हा! ३० मार्च १९११ रोजी, नव्वदाव्या वर्षी आर्तुझी गेले. मृत्युपत्र उघडलं तर संपत्तीचा मोठा वाटा त्यांच्या गावाला होता. त्याच गावाला, जिथे पुस्तकाची टिंगल झाली होती. आणि पुस्तकाचे हक्क? ते मारिएत्ता आणि फ्रान्चेस्कोला. तोवर पुस्तक चांगलंच खपत होतं, म्हणजे ही काही नुसती तोंडदेखली आठवण नव्हती. ज्यांच्या हातांनी ते तयार झालं, त्यांच्या पदरात त्यांनी ते घातलं.

हे सगळं मी वाढदिवसाच्या आदल्या रात्री वाचलं. पुस्तकाच्या शेवटी वर्षभरातल्या मेजवान्यांचे बेतही दिलेत, दर महिन्याचे दोन आणि शिवाय सणांचे. तो थाट मला झेपणारा नव्हता. मी तीनच गोष्टी धरल्या. योग्य मापाचे ग्नोकी, टोमॅटोचा सॉस आणि भट्टीतली वांगी. सॉस अगदी सोपा. टोमॅटो, थोडा कांदा, एक लसूण पाकळी, सेलरीचा बोटभर तुकडा, बेझिल, पार्सली, तेल, मीठ, मिरपूड, सगळं एकत्र शिजवायचं आणि गाळून घ्यायचं. वांगी सोलून चकत्या करायच्या, मीठ लावून काही तास ठेवायच्या, मग पिठात घोळवून तळायच्या आणि किसलेलं पार्मेझान चीज नि सॉस यांचे थर देऊन भाजायच्या. 

आमच्या मावशींना, म्हणजे स्वयंपाकाला येतात त्यांना, मी कृती वाचून दाखवली. त्यांनी निम्म्यातच थांबवलं. म्हणजे वांग्याचे कापच की, असं म्हणून कामाला लागल्या. चकत्या किती जाड, तेल किती तापलेलं, सगळं त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. ग्नोकीही त्यांनीच वळले. एकही विरघळला नाही.

जेवण छान झालं. पाहुण्यांनी वांगी दोनदा मागून घेतली आणि कौतुक माझं केलं. एरवी मी हसून ते घेऊन टाकलं असतं. खरं सांगायचं तर आजवर कितीतरी वेळा घेतलंही आहे. त्या दिवशी मात्र मावशींना बाहेर बोलावलं, वांगी कुणी केली ते सांगितलं आणि त्यांचंही पान आमच्याबरोबरच मांडलं. त्या आधी अवघडल्या, मग बसल्या. जेवताना पहिलं वाक्य काय, तर चीज खारट असतं, पुढच्या वेळी वांग्यांना मीठ कमी लावू.

फोर्लिंपोपोलीत आता दरवर्षी आर्तुझींच्या नावाने उत्सव भरतो. २००७ साली तिथे ‘कासा आर्तुझी’ हे घरगुती स्वयंपाकाला वाहिलेलं केंद्र उघडलं. आणि घरी रांधणाऱ्यांसाठी तिथे जो पुरस्कार दिला जातो, त्याला नाव मारिएत्ताचं आहे.

माझ्या पाककृतींच्या वहीत परवा एक नवी कृती लिहिली. मीठ थोडं कमी केलंय. वर नाव घातलंय, मावशींची इटालियन वांगी.