केरूनाना छत्रे

अलिबागजवळ समुद्राच्या काठी नागाव नावाचे गाव आहे. नारळी-पोफळीच्या बागांनी ते वेढलेले आहे. याच गावी 16 मे 1825 रोजी केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना केरूनाना या नावाने ओळखू लागला. ते लहान असतानाच आईबापांचे छत्र हरपले आणि चुलत्यांच्या आधाराने ते शिक्षणासाठी मुंबईस आले.

मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयात त्या वेळी ऑर्लिबार नावाचे इंग्रज प्राध्यापक पदार्थविज्ञान व ज्योतिष शिकवीत असत. नागावच्या या मुलाची गणितातील गती त्यांच्या ध्यानी आली. कुलाब्याची वेधशाळा याच प्राध्यापकांच्या देखरेखीखाली होती. 1840 मध्ये त्यांनी केरूनानांना तेथे साहाय्यक म्हणून नेमले. पगार दरमहा 50 रुपये होता आणि केरूनानांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये बांधली होती. गलबतांना अचूक वेळ कळावी, हा तिचा आरंभीचा हेतू होता. 1841 पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची व हवेची नियमित मापने होऊ लागली. जगातील निरनिराळ्या देशांतील वेधशाळा ठरलेल्या वेळी अशीच मापने घेत असत. अशा कामात आळस उपयोगाचा नसतो. एका वेळेचा आकडा चुकला, तर ती वेळ पुन्हा येत नाही.

केरूनानांची खरी शाळा हीच झाली. टांगलेली चुंबकसूची स्थिर दिसली, तरी दिवसभरात ती किंचित इकडेतिकडे सरकते. डोळ्यांना सहज न दिसणारा हा फरक सूक्ष्म मापनाने कळतो. वायुभारमापकातील पारा समुद्रकाठी सुमारे 76 सेंटिमीटर उंच उभा राहतो. तेच यंत्र घाट चढून पुण्यास नेले, तर पारा सुमारे 71 सेंटिमीटरवर उतरतो. कारण उंचावर हवेचा थर कमी असतो आणि तिचा भारही कमी पडतो. यंत्र वाचावे, आकडा टिपावा आणि मग त्यामागील कारण शोधावे, ही शिस्त केरूनानांच्या अंगी बाणली. वेधशाळेतील नोकरी करता करता त्यांनी गणित, ज्योतिष व पदार्थविज्ञान या शास्त्रांचा सखोल अभ्यास केला.

1851 मध्ये ते पुण्यास अध्यापनासाठी गेले. मुंबई विद्यापीठाची स्थापना पुढे 1857 मध्ये झाली. त्यामुळे केरूनानांच्या नावापुढे कोणतीही पदवी नव्हती. पण पुढे डेक्कन कॉलेजात पदवीसाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याचे काम त्यांच्याकडेच आले. विद्वत्ता ही पदवीपेक्षा मोठी असते, हे त्यांच्या उदाहरणाने सर्वांना दिसले.

त्या काळी ही शास्त्रे बहुतेक इंग्रजी ग्रंथांतूनच शिकावी लागत. ज्या मुलांना इंग्रजी येत नसे, त्यांना या ज्ञानाचे दार बंद होते. ते उघडावे म्हणून केरूनानांनी अंकगणित व पदार्थविज्ञान या विषयांवर मराठीत पाठ्यपुस्तके लिहिली. ग्रहांची स्थाने गणिताने काढता यावीत यासाठी त्यांनी रचलेला 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा मराठी ग्रंथ 1860 मध्ये प्रसिद्ध झाला.

वेधशाळेत लागलेली सवय त्यांनी पंचांगाच्या बाबतीतही सोडली नाही. जुन्या गणिताने काढलेली ग्रहांची स्थाने व आकाशात प्रत्यक्ष दिसणारी स्थाने यांत अंतर पडत असे. अशा वेळी आकाश चुकत नाही, गणितच सुधारले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. आबासाहेब पटवर्धन यांच्या उत्तेजनाने त्यांनी नव्या गणिताचे पंचांग सुरू केले. ते 'पटवर्धनी पंचांग' या नावाने प्रसिद्ध आहे. जुन्या रीतीची सवय झालेल्या पुष्कळांना ते रुचले नाही आणि त्याचा प्रसारही फारसा झाला नाही; परंतु केरूनाना आपल्या मतापासून ढळले नाहीत.

बाळ गंगाधर टिळक हे डेक्कन कॉलेजात त्यांचे आवडते शिष्य होते. टिळकांनी 1877 मध्ये गणित विषय घेऊन पहिल्या वर्गात पदवी मिळविली. पुढे पंचांगशुद्धीचा आग्रहही त्यांनी चालू ठेवला. त्याच सुमारास या कॉलेजात अकोल्याहून एक गरीब विद्यार्थी आला. त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर. तेव्हा वऱ्हाडात एकही कॉलेज नव्हते. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज निघाले, ते 1923 मध्ये. तोवर उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या वऱ्हाडी मुलाला घर सोडून दूरच्या शहराचा रस्ता धरावा लागे. नागावच्या केरूनानांनीही बालपणी असाच रस्ता धरला होता.

1879 मध्ये केरूनाना सेवानिवृत्त झाले आणि 19 मार्च 1884 रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहामुळे चुंबकसूची विचलित होते, म्हणून कुलाब्याचे चुंबकीय मापन शहरापासून दूर नेणे भाग पडले. 1904 मध्ये त्यासाठी नवी वेधशाळा उभी राहिली, ती अलिबाग येथे, केरूनानांच्या जन्मगावाच्या शेजारी. पंधरा वर्षांच्या एका पोरक्या मुलाने जे काम मुंबईत मन लावून केले, तेच काम त्याच्या गावाजवळ आजही चालू आहे. जे पाहावे ते मोजावे आणि जे शिकावे ते इतरांना आपल्या भाषेत सांगावे, हाच केरूनानांच्या चरित्राचा बोध आहे.