'विकारविलसित'कार आगरकर

लखनौमधील आलमबागच्या मुक्कामात काही विद्यार्थ्यांसमवेत रॉय वॉर्ड बेकर यांचा 'असायलम' हा १९७२ चा इंग्रजी चित्रपट पाहण्याचा योग आला. वेड्यांच्या इस्पितळात आलेल्या तरुण डॉक्टरने तेथील रुग्णांच्या हकीकती ऐकाव्यात आणि त्यांतील पूर्वीचा प्रमुख वैद्य कोण हे ओळखावे, अशा सूत्रात त्यातल्या भयकथा ओवल्या आहेत. चित्रपट संपल्यावर प्रेक्षकांत दोन तट पडले. काहींना त्यातील अद्भुत घटना खऱ्या मानल्याखेरीज गोडी वाटेना. काहींच्या मते त्या रुग्णांच्या मनातच राहिल्या असत्या, तर भय अधिक गडद झाले असते. माझ्या मनात मात्र निराळाच प्रश्न घोळत राहिला : अमुक मनुष्य वेडा, हे ठरवावयाचे कोणी?

आलमबागेत हा प्रश्न पडावा, यात नवल नाही. वाजिद अली शाहने आपल्या बेगमेसाठी येथे बाग आणि महाल उभारला, आणि पुढे त्यालाच राज्य करण्यास नालायक ठरवून कंपनी सरकारने १८५६ च्या फेब्रुवारीत अवध खालसा केले. त्याच वर्षी १४ जुलै रोजी कऱ्हाडजवळील टेंभू या गावी गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला. समाजसुधारक आणि बुद्धिवादी म्हणून आगरकर सर्वांस परिचित आहेत. एका राजपुत्राच्या वेडाने त्यांना तुरुंग दाखविला व त्या तुरुंगात त्यांच्याकडून दुसऱ्या एका राजपुत्राच्या वेडाचे नाटक मराठीत आणविले, ही गोष्ट मात्र त्यांच्या चरित्रात ओझरतीच सांगितली जाते.

त्यांच्या बालपणीच्या दारिद्र्याची कथा येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे शिक्षण करीत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. परीक्षेच्या शुल्कासाठी एखाद्या नाटक मंडळीला नाटक लिहून द्यावे, असे त्यांनी योजिले होते आणि ही वार्ता कळताच प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी त्यांना द्रव्यसाहाय्य केले, असे सांगतात. म्हणजे नाटकाचा विचार त्यांच्या मनात पुष्कळ आधीपासून होता. पुढे चिपळूणकर व टिळक यांच्यासमवेत ते न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्यात पडले आणि १८८१ च्या जानेवारीत निघालेल्या 'केसरी'चे पहिले संपादक झाले.

कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी चौथे शिवाजी महाराज होते. १८६३ मध्ये जन्मलेले आणि दत्तक म्हणून गादीवर आलेले हे तरुण संस्थानिक भ्रमिष्ट झाले आहेत, असे सरकारी मत होते. पुण्याच्या पत्रांचे मत अगदी उलटे पडले : महाराज वेडे नसून दिवाण माधवराव बर्वे व त्यांच्या हाताखालची माणसे छळ करून त्यांना वेडे करीत आहेत, असा आरोप 'केसरी' व 'मराठा' यांनी केला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांवर संपादकांनी भिस्त ठेवली होती ती बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात मुंबईच्या डोंगरी तुरुंगात एकशे एक दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले.

माझ्या मते हा प्रसंग आगरकरांच्या बौद्धिक जीवनातील एक मोठा चटका होता. महाराजांविषयीची त्यांची कळकळ खोटी नव्हती; पुरावा खोटा होता. पुढे प्रत्येक रूढीकडे प्रमाण मागणारा, महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकविणारा हा लेखक ऐन पंचविशीत बनावट कागदांवर विश्वासून फसला होता, हे विसरता कामा नये.

डोंगरीत त्यांनी शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' मराठीत उतरविले. बाहेर एका छत्रपतीच्या बुद्धीविषयी साहेब, दिवाण आणि वर्तमानपत्रे आपापले निकाल देत होती. आत कोठडीत आगरकर अशा राजपुत्राचे बोल मराठीत घडवीत होते, ज्याच्या वेडाविषयी राजा, राणी, प्रधान आणि मित्र यांपैकी प्रत्येकाचा तर्क वेगळा आहे. नाटकास त्यांनी नाव दिले 'विकारविलसित'. शीर्षकात नायक नाही, विकार आहे. आणि मराठीत विकार म्हणजे मनाचा क्षोभही आणि रोगही. कोणता अर्थ घ्यावयाचा हे त्यांनी प्रेक्षकांवर सोपविले. १८८३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलेले चौथे शिवाजी महाराज पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मरण पावले. वय अवघे वीस.

शाहूनगरवासी नाटक मंडळीने 'विकारविलसित' रंगभूमीवर आणले, तेव्हा प्राध्यापक वासुदेवराव केळकरांनी नटांस तालीम दिली. चंद्रसेनाच्या, म्हणजे हॅम्लेटच्या, भूमिकेत गणपतराव जोशी असे रंगले की त्यांना महाराष्ट्राचा गॅरिक म्हणू लागले. आगरकरांसारख्या अज्ञेयवाद्याने भूत गाळले नाही, हे अनुवादक म्हणून त्यांच्या सचोटीचे द्योतक होय. मराठी प्रेक्षकाला अतृप्त पितर नवा नव्हता. पुत्राने त्याचे ऋण फेडावे हेही नवे नव्हते. तटावर ते भूत पहारेकऱ्यांनाही दिसते, म्हणून प्रेक्षक निर्धास्तपणे त्यावर विश्वास ठेवतो. राणीच्या महालात मात्र ते एकट्या पुत्राला दिसते. मातेला समोर शून्य दिसते आणि ती त्याला वेडा समजते. आलमबागेतील विद्यार्थ्यांचे दोन्ही पक्ष या एका प्रवेशात समोरासमोर उभे आहेत. प्रेक्षक भूत पाहतो, म्हणून त्याला राणी आंधळी वाटते. पण तो राणीच्या जागी असता तर?

आगरकरांना स्वतःला त्या जागी लवकरच यावे लागले. मात्र वेडे ठरविणाऱ्याच्या नव्हे, ठरविल्या जाणाऱ्याच्या. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद होऊन १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि पुढल्या वर्षी 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. बालविवाह, केशवपन, श्राद्ध यांवरील त्यांच्या लेखांनी पुणे खवळले. कित्येकांनी त्यांना भ्रष्ट म्हटले, कित्येकांनी माथेफिरू. शेवटी लोकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. भुताला रंगमंचावर जागा देणाऱ्या या गृहस्थाने आपली स्वतःची तिरडी पाहिली, आणि लेखन चालूच ठेवले.

घरात यशोदाबाईंच्या धर्माचरणाला त्यांनी कधी आडकाठी केली नाही. स्वतः जे मानीत नव्हते ते त्यांनी घरच्यांवर लादले नाही. विरोधकांनी याला विसंगती म्हटले, मला ती नाटकातील भूत न गाळण्याचीच वृत्ती वाटते. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होतेच. १७ जून १८९५ रोजी, एकोणचाळीसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, ते गेले. त्यांच्या उशाशी एक पुडके सापडले. त्यात त्यांनी आपल्या अंत्यविधीपुरते पैसे बांधून ठेवले होते.