मांडवीचे डॉक्टर व्हिएगस

मुंबईत धोबीतलावावर मेट्रो सिनेमासमोर एक पुतळा आहे. तीन वर्षांपूर्वी मामांबरोबर मुंबईला गेलो असता बसची वाट पाहत मी त्या पुतळ्यापाशी चांगला अर्धा तास उभा होतो. पण तो कोणाचा हे वाचण्याची तसदी घेतली नाही. तो आपल्याच गोव्याच्या माणसाचा, हे पुढे कळले तेव्हा मनात ओशाळलो. त्या ओशाळेपणातूनच हा लेख लिहीत आहे म्हणा ना!

डॉ. आकासियो गाब्रियेल व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी बार्देश तालुक्यातील हडफडे गावी झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज अंमल होता. शिकायचे झाले किंवा पोटापाण्याचे पाहायचे झाले, तर गोवेकराने मुंबईची वाट धरायची. व्हिएगसही मुंबईस आले, १८७४ मध्ये मॅट्रिक झाले आणि १८८० साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून एल. एम. अँड एस. ही पदवी पहिल्या वर्गात मिळवून त्यांनी मांडवी विभागात दवाखाना थाटला. पुढे ते महापालिकेतही निवडून गेले.

मांडवी म्हटले की आम्हां गोवेकरांना नदी आठवते. मुंबईची मांडवी म्हणजे बंदरालगतची व्यापारपेठ. जहाजातून माल उतरायचा आणि वखारींत साठायचा. धान्याच्या थप्प्यांवर थप्प्या, वरच्या मजल्यांवर दाटीवाटीने राहणारी माणसे, आणि धान्य आले की उंदीर आलेच. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ही पेठ डोळ्यांपुढे आणणे अवघड नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये याच पेठेतील रोग्यांना तपासताना व्हिएगस यांना तीव्र ताप आणि जांघेत गाठ आढळली. हा गाठीचा प्लेग आहे असे त्यांचे निदान झाले आणि ते त्यांनी महापालिकेपुढे मांडले. आज हे एका वाक्यात सांगून होते. पण त्या निदानाची किंमत काय होती? बंदरात प्लेग आहे हे जगजाहीर झाले की परदेशची बंदरे जहाजे अडवणार, कापूस वखारीत पडून राहणार, गिरण्यांचे मजूर गाव सोडणार. शहराच्या पतीवर घाला घालणारे ते शब्द होते. निदान चुकले असते तर या डॉक्टराला मुंबईत तोंड दाखवायला जागा उरली नसती. ते पडताळून पाहण्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञांची चार पथके आणावी लागली. निदान खरे ठरले.

मग व्हायचे तेच झाले. लोकांनी शहर सोडले. १८९१ च्या खानेसुमारीत ८ लाख २१ हजारांवर असलेली मुंबईची वस्ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. व्हिएगस यांनी स्वतःच्या हाताने सुमारे अठरा हजार माणसांना लस टोचली. घाण काढा, उंदीर मारा, असा त्यांचा सारखा धोशा होता. उंदरावरच्या पिसवेतून हा रोग पसरतो, ही गोष्ट सिमाँ यांनी कराचीत १८९८ साली शोधली. म्हणजे डॉक्टर उंदरांच्या मागे लागले होते ते शास्त्राच्याही थोडे आधीच!

मांडवीतल्या या निदानाचे पडसाद पार व्हेनिसपर्यंत गेले. मुंबईची जहाजे सुएझमार्गे युरोपला जात, आणि यात्रेकरू मक्केला. १८९७ साली मुंबईहून हजला जाण्यास बंदी झाली. त्याच वर्षी व्हेनिसमध्ये राष्ट्रांची परिषद भरून १९ मार्चला प्लेगविषयीचा करार झाला. आपल्या मुलखात प्लेग उद्भवल्यास इतर राष्ट्रांना ताबडतोब कळवणे हे प्रत्येक राष्ट्राचे कर्तव्य ठरले. तोवर रोग दडवणे हाच व्यवहार समजला जाई. रोग तर आवरावा, पण व्यापार विनाकारण अडू नये, हे तेव्हाचे सूत्र २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतही आहे.

या कहाणीला काळी बाजूही आहे. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याच्या जोरावर पुण्यात रँडसाहेबाच्या सोजिरांनी घरे कशी तपासली आणि चाफेकर बंधूंनी त्याचे काय उत्तर दिले, ते मराठी माणसाला सांगायला नको. आमच्या कन्नड विभागातील मित्रांना बेंगळुरूची प्लेग मारम्माची देवळे ठाऊक असतील. तीही त्याच भयातून उभी राहिली.

तोच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर निघाला, तेव्हा मी नववीत होतो. आमचे इब्रामपूर पेडण्याच्या टोकाला. पलीकडे दोडामार्ग, महाराष्ट्र. आजीचे माहेर तिकडे. नाक्यावर अडसर पडला आणि आजीच्या भावाचे दिवस इकडच्या अंगणात करावे लागले. ती तेवढेच म्हणत राहिली, की रोग असल्याचे कोणीतरी निदान सांगितले तरी. पाण्याचे कोणी सांगितले होते?

पाणी म्हणजे ऑगस्ट २०१९ चे. तिळारीच्या पाण्याने पेडण्याची नदीकाठची गावे बुडाली, त्यांत आमचेही. आमच्या वाड्यावर आगाऊ सूचना कोणी दिली नाही. गोठ्यात पाणी शिरले तेव्हा कळले. वरच्या मुलखाने खालच्याला वेळीच कळवायचे, हे प्लेगसाठी १८९७ साली जमले. महापूर, भूकंप यांसाठी १९२७ मध्ये जिनिव्हात साहाय्यसंघाचा करार झाला खरा, पण त्याची पेटी रिकामीच राहिली. मला वाटते, प्लेगने व्यापाऱ्यांची जहाजे अडली म्हणून कायदा लवकर झाला. पुराने वाहून जातात त्या म्हशी आणि भाताची रोपे. त्यांसाठी परिषद कोण भरवणार? माझे हे मत आमच्या प्राध्यापकांना पटत नाही. असो.

व्हिएगस १९०६ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या जागी बसलेले ते पहिले देशी ख्रिस्ती गृहस्थ. १९३३ मध्ये ते वारले आणि तीन वर्षांनी पुतळा उभा राहिला. या दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जाणे झाले, तर त्यावरचा मजकूर वाचून येणार आहे.