ओढ सरत नाही ती भक्ती

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

संध्याकाळी दत्तभक्तांच्या घरोघरी करुणात्रिपदी म्हटली जाते. ती रचणारे प. प. श्रीमद्वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराज दत्तप्रभूंच्या आज्ञेनेच वागत. मग देव इतका जवळ असताना त्यांनी एवढी काकुळती का करावी, हे कोडं मला फार दिवस सुटत नव्हतं.

महाराजांचा जन्म १८५४ सालचा, सावंतवाडीजवळच्या माणगावचा. वेदाध्ययन झालं, संसार मांडला, पण जीव नृसिंहवाडीकडे ओढ घेई. १८८३ मध्ये त्यांनी माणगावात दत्तमंदिर उभारलं. लोकांची रीघ लागली. एवढ्यावर कुणीही कृतार्थ झाला असता. महाराज मात्र १८८९ मध्ये दत्ताज्ञेने पत्नी अन्नपूर्णाबाईंसह ते देऊळ आणि घरदार सोडून निघाले.

१८९१ मध्ये गोदातीरी गंगाखेडला अन्नपूर्णाबाई गेल्या. चौदाव्या दिवशी महाराजांनी संन्यास घेतला.

चरित्रातल्या या पानाशी मी थबकतो. माझी आई गेली त्या वर्षी नवस फळला नव्हता आणि हात जोडायलाही मन धजत नव्हतं. ज्याच्यासाठी घर सोडलं, त्याच्याच वाटेवर सहधर्मचारिणी गेली, तरी महाराजांनी देवाकडे पाठ फिरवली नाही. ते त्याच्याकडेच आणखी एक पाऊल सरकले.

पुढे उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला. मग तेवीस चातुर्मास. ब्रह्मावर्त, हरिद्वार, द्वारका, तंजावर, पवनी, कुरवपूर, सगळं पायी. संग्रहणीचं दुखणं सोबतीला, जवळ दंड-कमंडलू आणि भिक्षेची झोळी. त्यातच दत्तपुराणासारखे ग्रंथ सिद्ध झाले.

आता मला वाटतं, आपण देवाकडे काहीतरी मागायला जातो, म्हणून ते मिळालं की ओढ सरते. नाही मिळालं की राग येतो. महाराजांना देवच हवा होता. असा देव भेटला की ओढ वाढतच जाते. ती काकुळती दूर असलेल्याची नव्हे. लेकरू आईच्या मांडीवर बसूनही तिचा पदर सोडत नाही, तशी ती आहे.

१९१४ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला नर्मदातीरी गरुडेश्वरी महाराज ब्रह्मलीन झाले. यंदाच्या दत्तजयंतीला, ज्यांचा नवस फळला त्यांनी आणि ज्यांचा फळला नाही त्यांनीही, करुणात्रिपदी जरा सावकाश म्हणावी, एवढीच विनंती.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥