जखम एका डोळ्याला, अंधार दोन्ही डोळ्यांत

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसजवळच्या कुव्रे या खेड्यात झाला. वडील घोड्यांची खोगिरे आणि लगाम बनवत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या जागी कातड्याशी खेळत असताना हातातले टोकदार हत्यार निसटले आणि डोळ्यात घुसले. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. जखम चिघळून तो डोळा गेला. पुढे मार न लागलेल्या दुसऱ्या डोळ्यालाही दाह झाला. पाचव्या वर्षी लुईला काहीच दिसेनासे झाले.

चांगला डोळा का गेला? हा 'सिम्पथेटिक ऑफ्थाल्मिया' असावा, असे अनेक नेत्रतज्ज्ञ मानतात. डोळ्याच्या आतील काही प्रथिनांशी रोगप्रतिकारक यंत्रणेची एरवी गाठच पडत नाही. आरपार जखमेमुळे ती उघडी पडली, की यंत्रणा त्यांना परके समजून दोन्ही डोळ्यांवर हल्ला करते. हा दाह लगेच होत नाही. बहुधा दोन आठवडे ते तीन महिन्यांत, तर क्वचित अनेक वर्षांनीही तो उद्भवतो.

दहाव्या वर्षी लुई पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तेथे उठावाची मोठी अक्षरे चाचपून वाचावी लागत. ती लिहिता येत नसत. शार्ल बार्बिए यांची बारा ठिपक्यांची लिपी शाळेत आली, पण ती बोटाच्या एका स्पर्शात मावत नव्हती. लुईने १८२४ पर्यंत, अवघ्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. १८२९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. चर्चमध्ये ऑर्गनही वाजवत. ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. शाळेने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती त्यानंतर दोन वर्षांनी. भारतात १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली. मराठीही तीतूनच वाचली जाते.

आज स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती आटोक्यात ठेवणाऱ्या औषधांनी दुसरा डोळा बहुतेकदा वाचवता येतो. मात्र वेळ महत्त्वाची. डोळ्यात काही घुसल्यास ते उपसू नये, डोळा चोळू किंवा दाबू नये, घरगुती औषध घालू नये. तडक नेत्रतज्ज्ञ गाठावा. जखम भरल्यावरही दुसरा डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी तपासून घ्यावे.